काळ्या गाडीतली बाई

बालीगंज, कोलकाता
सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

चि. देवयानी,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, गुडघा त्याच्या मानानं बरा आहे, आणि तुम्ही दोघी पुण्याच्या थंडीत स्वेटर घालून चहा पीत असाल असं धरून चालतो. आईला सांग, माझा लोकरीचा एकच मोजा सापडला. दुसरा बहुतेक तिच्या बॅगेतून पुण्याला गेला असावा.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी कसा गडबडतो ते परवा तुम्ही ऐकलंतच. लिहिताना निदान मधे कोणी फोन ठेवून देत नाही. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढतोय. कुठे अडलीस तर आईकडून वाचून घे. नाहीतरी पाकीट तीच फोडेल.

परवा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे. आधी इकडची खबरबात.

इकडे पंखे बंद झालेत. मिठाईच्या दुकानांत नव्या गुळाचे संदेश दिसायला लागलेत. पहिल्या मजल्यावरच्या काकीमांची कंबर सुधारली, त्यामुळे त्या पुन्हा बाल्कनीत उभ्या राहून सगळ्या पाड्यावर, म्हणजे गल्लीवर, लक्ष ठेवतात. रविवारी मी खाली मशीन लावलं की वरून आवाज येतोच: "की दादा, आबार पालिश? गाडीर छाल उठे जाबे जे!" गाडीची साल निघेल म्हणे. मी हसून हात हलवतो. म्हातारी विनोद करते असं तिला स्वतःला वाटतं, पण ती अगदी शास्त्रशुद्ध बोलते.

माझा हा छंद तुझ्या आईनं कधीच मनावर घेतला नाही. "घरातली कढई कधी घासली नाहीत, आणि लोकांच्या गाड्या घासता," हे तिचं वाक्य या भिंतींनासुद्धा पाठ आहे. पण निवृत्त माणसाला काहीतरी करावं लागतं. कोणी ब्रिज खेळतो, कोणी सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडतो. मी ओरखडे काढतो.

गेलं वर्षभर एक काळी गाडी हाताखाली आहे. काळा रंग म्हणजे पॉलिश करणाऱ्याची परीक्षा. सावलीत गाडी सभ्य दिसते आणि उन्हात आणली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं. आधीच्या मालकाचा ड्रायव्हर रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचा. आपल्याकडची धूळ म्हणजे निम्मी वाळू. ते फडकं कसलं, सँडपेपरच तो. अशी गाडी आधी नीट धुवायची, मग मऊ मातीची वडी फिरवून चिकटलेली घाण उचलायची, रबराच्या कडांना टेप लावायची आणि मग मशीन. मशीनला स्पंज, स्पंजवर पॉलिशचे चार ठिपके, हात हलका आणि वेग बैलगाडीचा. घाई असेल त्यानं या वाटेला जाऊ नये.

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, कागदाहून पातळ. ओरखडा गेला म्हणजे आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवला, एवढंच. त्यामुळे दर वेळी थोडा थर कमी होतो. हे ज्याला समजत नाही त्याला एक दिवस चमकत्या गाडीवर मधेच फिकट चट्टा दिसतो, आणि तो मग कोणाच्या बापाला भरून काढता येत नाही. काकीमा म्हणतात तीच साल.

आणखी एक गंमत. पॉलिशमध्ये तेल असतं. ते ओरखड्यात बसतं, आणि गाडी आरशासारखी दिसायला लागते. नवशिके तिथेच फोटो काढतात. मी स्पिरिटनं पुसून घेतो. तेल गेलं की खरे ओरखडे पुन्हा वर येतात.

ओरखडे शोधायला कोणालातरी टॉर्च तिरपा धरावा लागतो. ते काम गाडीचं माणूस करतं. बरं माणूस आहे. वेळेवर येतं, टॉर्च हलू देत नाही, माझं पिठलं मागून घेऊन खातं. माझ्या पिठल्यात गुठळ्या असतात हे तुला माहीत आहेच.

गॅसवर दूध ठेवलंय. उरलेलं उद्या लिहितो.

मंगळवार सकाळ

दूध वगैरे काही नव्हतं.

काल लिहिलेलं आत्ता वाचून पाहिलं. 'गाडीचं माणूस'! येतं, धरतं, खातं! लपायला मराठीतलं नपुंसकलिंग फार सोयीचं आहे, पण तुझ्या आईला चाळीस वर्षं ओळखतो. तिनं इथपर्यंत वाचलं असेल तर तिची एक भुवई वर गेली असेल. तेव्हा आता सरळ सांगतो.

तुझा फोन आला त्याच्या आदल्या रविवारी मी आईला मागच्या खेपेला काढलेला बॉनेटचा फोटो पाठवला. बॉनेटमध्ये आपली बाल्कनी स्वच्छ दिसत होती, वाळत घातलेल्या लुंगीसकट, आणि मला ते मिरवायचं होतं. फोटो नीट पाठवता येत नाही म्हणून मी स्क्रीनचाच फोटो काढला. नेमका त्याच क्षणी वरून एक मेसेज उतरला आणि तोही फोटोत आला. 'काळी गाडी' अशा नावानं सेव्ह केलेला नंबर, आणि खाली मजकूर: 'मी निघाले. दहा मिनटात पोचते. जेवायला थांबेन.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवडाभर आई काही बोलली नाही, म्हणजे तिनं तो फोटो मोठा करकरून पाहिला असणार. मग शनिवारी तुझा फोन. "बाबा, कोण आहे ती?" मी म्हणालो, "कोण ती?" तू म्हणालीस, "काळ्या गाडीतली." मी म्हणालो, "ओळखीचं आहे कोणीतरी." मागून आईचा आवाज आला, "म्हातारचळ!" आणि फोन बंद.

खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. सहासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून हिंडणाऱ्या माणसावर कोणी एवढा विश्वास दाखवावा! मी आरशात जाऊन पाहूनही आलो. मग मात्र खुर्चीत बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. बाई असती तर सोपं होतं, देवू. आई आठवडाभर जेवली नसती, तू मला चार शब्द सुनावले असतेस, आणि मी पुण्याला येऊन दोघींचे पाय धरले असते.

ती बाई नाही. तो अनिमेष आहे. तुझा, म्हणजे एकेकाळी तुझा होता तो.

आता थोडं पाणी पी. आणि मग शिव्या द्यायच्या तर दे, पण पत्र पुरतं वाच.

मागच्या हिवाळ्यात तो तुझी राहिलेली पुस्तकं द्यायला आला होता. वर येणार नव्हता. खोकं खाली पार्किंगमध्ये ठेवून निघणार होता. मी खाली उतरलो तेव्हा त्याला काही बोलायचं नाही असं ठरवून उतरलो होतो. पण त्याची ती नवी घेतलेली जुनी गाडी उन्हात उभी होती. बॉनेटवरची वर्तुळं दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही घाण घेऊन फिरतोस?" घटस्फोटानंतर जावयाशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे! तो म्हणाला, "जाते का हे?" मी म्हणालो, "रविवारी घेऊन ये."

तेव्हा सुरुवात मी केली, त्यानं नाही. हे आधी नोंदवून ठेव.

आता ते 'निघाले' आणि 'पोचते'. तुझ्या लक्षात आलं असेलच. त्याला मराठी शिकवलीस तू, आणि उरलेली आईनं. दोन बायकांकडून शिकला, म्हणून तो कायम 'मी आले, मी बसते, मी दमले' असंच म्हणत आला. बंगालीत क्रियापदाला पुरुष-बाईची भानगडच नाही, त्यामुळे त्याला त्यात काही खटकलं नाही. पहिल्यांदा त्यानं जेवताना "आई, मी आणखी घेते" म्हटलं तेव्हा तुम्ही दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून स्वयंपाकघरात पळालात. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणत राहून गेलं. मग आपल्या कानांना सवय झाली. तुम्ही दोघी गेलात, पण त्याची ती मराठी इथेच राहिली. अजून अंगावर पाणी उडालं की तो "अगं बाई!" म्हणतो. एवढा दाढीवाला माणूस.

देवू, तू गेलीस आणि मागोमाग आई दोन महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली ती तिकडेच राहिली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुला तिची गरज होती, आणि पुणं तिचं माहेर. पण तेव्हापासून या घरात मराठी शब्द उमटत नाही. सकाळी दूधवाल्याशी हिंदी, खाली बंगाली, बँकेत इंग्रजी. फोनवर तुमच्याशी मराठी बोलतो खरं, पण ते 'जेवलात का, औषध घेतलंत का' एवढ्यात संपतं. मग रविवारी सकाळी दाराबाहेरून आवाज येतो, "बाबा, मी आले." आवाज जाड आहे, सूर बंगाली आहे, पण वाक्य तुझं आहे. शाळेतून आल्यावर दप्तर टाकताना जसं म्हणायचीस, अगदी तसं. दर वेळी वाटतं, तूच आलीस. दर वेळी ते खोटं असतं हेही माहीत असतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची मराठी सुधारत आलो. तुझी तर किती सुधारली! त्याची मात्र मुद्दाम सुधारली नाही.

आम्ही तुझ्याबद्दल बोलत नाही. हे तू मानशील की नाही ठाऊक नाही, पण खरं आहे. तो टॉर्च धरतो, मी मशीन फिरवतो, मधे चहा. त्याची आई हावड्याच्या घरी पडून असते. त्याचं नवं ऑफिस न्यू टाउनला आहे. एवढं मला माहीत आहे. कधी तो सांगतो, "आज पूल बंद होती, म्हणून उशीर झाली." मी "हं" म्हणतो. एवढंच आमचं संभाषण, आणि मी आठवडाभर त्याची वाट बघतो.

आता याहूनही लाजिरवाणी गोष्ट. ती गाडी उन्हाळ्यातच पूर्ण झाली होती. बॉनेट, छत, दारं, डिकी, सगळं. स्पिरिटनं पुसून, टॉर्च लावून पाहिलं होतं. मी म्हणायला हवं होतं, "झालं रे, आता काही उरलं नाही." म्हटलं नाही. म्हटलं, "डावं दार अजून मनासारखं नाही." त्यानं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग पुढच्या रविवारी येते." त्या दाराला काहीही झालेलं नाही. थर तर आता इतका पातळ झालाय की पॉलिश लावायची माझी हिंमत होत नाही. पावसाळ्यापासून मी सर्वांत मऊ स्पंज लावतो, मशीन सर्वांत हळू ठेवतो आणि नुसतं मेण फिरवतो. त्याला ते कळतं. वर्षभर टॉर्च धरलाय त्यानं. तरी तो तितकाच वाकून, डोळे बारीक करून ओरखडे शोधतो.

आणि तुम्ही विचारता, पुण्याला का येत नाही. गुडघा, फ्लॅटला गिऱ्हाईक नाही, पुण्याची हवा कोरडी, ही सगळी निमित्तं. गिऱ्हाइकं दोन येऊन गेली. मीच त्यांना गळक्या नळाच्या गोष्टी सांगून घालवली.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलोय.

नोकरी गेल्यावर तो पाच महिने रोज डबा घेऊन घराबाहेर पडत राहिला आणि तुला कळू दिलं नाही. तू मला म्हणाली होतीस, "बाबा, नोकरीचं काही नाही. पण रोज संध्याकाळी तो मला ऑफिसातल्या गोष्टी रचून सांगायचा, आणि मी हसायचे." ते हसणं तुला लागलं होतं. मी तुझ्या बाजूचा होतो आणि अजून आहे. हावडा स्टेशनवर गाडीत बसताना तू म्हणालीस, "तुम्ही तरी माझ्यापासून काही लपवू नका." मी मान हलवली. आणि पुढे वर्षभर दर रविवारी रात्री तू फोनवर "आज काय केलंत?" विचारलंस, आणि मी "काही नाही गं, एक गाडी होती," म्हणत राहिलो. म्हणजे मी तेच केलं. त्याला निदान नोकरी गेल्याची लाज होती. मला कसली होती? फक्त भीती होती की तू "नको" म्हणशील.

परवाच्या रविवारी तो आला तेव्हा तुमच्या फोनचा सगळा किस्सा मी त्याला सांगितला. आधी तो खूप हसला. मग हसणं थांबलं.

"म्हणजे मी चूक बोलते?" त्यानं विचारलं.

"पुरुष 'आलो' म्हणतो, 'येतो' म्हणतो," मी सांगितलं. "आले, येते, हे बायका म्हणतात."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"लग्नात पण? तुमच्या सगळ्या नातेवाईकांसमोर?"

मी मान खाली घातली. लग्नात त्यानं माईकवर "मी खूप आनंदी झाले" म्हटलं होतं आणि सगळा हॉल खदखदला होता. त्याला वाटलं होतं, लोक खूश झाले.

टॉर्च बंद करून तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "बाबा, मी लपवलं म्हणून देवयानी गेला. आणि तुम्ही सगळे माझ्यापासून हे लपवला." लिंगं सगळी उलटीपालटी, पण एक शब्द खोडून काढता येईना. काकीमा वरून बघत होत्या. त्या आत निघून गेल्या.

मग त्यानं मला नीट शिकवायला सांगितलं. गाडीच्या बाजूला उभं राहून मी त्याला शिकवलं. मी आलो. मी बसतो. मी दमलो. हुशार आहे, पटकन उचललं. तुझ्या आईपेक्षा मी बरा मास्तर निघालो. पिठलं-भात त्या दिवशी त्यानं घेतला नाही. निघताना मी सवयीनं म्हटलं, "त्या डाव्या दाराचं पुढच्या रविवारी बघू." त्यानं दारावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाबा, दार चांगलं आहे. दार कधीपासून चांगलं आहे. आधी देवयानीला सांगा. ती हो म्हणाली तर येतो, नाही म्हणाली तर नाही येणार." एकही चूक नाही. सगळं वाक्य शुद्ध. मग फाटकाशी वळून, जरा जपून, "येतो," म्हणाला. कोणीतरी सभ्य, परका माणूस निघाल्यासारखं वाटलं. वर आलो, दार लावलं आणि रडलो. या वयात रडताना नाकच जास्त वाहतं. आईला हे वाचू देऊ नकोस.

तेव्हा असं आहे. तो तुझ्याकडे परत यायला बघतोय असं नाही, आणि मी ते घडवायलाही बघत नाही. तुझं तिथे नीट चाललंय, ते तसंच चालू दे. मी फक्त माझ्यापुरतं विचारतो. त्याला रविवारी येऊ देऊ का? गाडीचं काम संपलंय. आता तो आला तर नुसताच येईल, जेवेल, जाईल. हे मागणं बापानं मुलीकडे करण्यासारखं नाही, हे मला कळतं. ज्यानं तुला दुखावलं त्याच्याच सोबतीची मला सवय लागली, याचं तुला वाईट वाटेल. वाटू दे. मलाही वाटतं.

तू 'नाही' म्हणालीस तर त्याला तसं कळवीन आणि फ्लॅटची गिऱ्हाइकं परत बोलावीन. गळका नळ खरंच गळत नाही हे त्यांना दाखवीन. पुण्याला येईन, आईचे टोमणे खाईन आणि तुझ्या घरात कुरकुर न करता राहीन. 'हो' म्हणालीस तर काय करीन ते मला अजून सुचलेलं नाही. त्या शब्दावर एवढा विचार करायचं धाडस झालं नाही.

उत्तर फोनवर देऊ नकोस. तू बोलायला लागलीस की मी मधेच काहीतरी विनोद करीन आणि सगळं वाहून जाईल. लिही. चार ओळी लिही, मराठीत लिही. काना-मात्रा चुकू दे, आलाचं आली होऊ दे. यापुढे मी तुझं काही दुरुस्त करणार नाही.

वाट पाहणारा,
आणि तुझ्याशी खोटं बोललेला,
तुझा बाबा